वस्तीवरचा कारवानी : गुण आणि निगा



उसात उंदीर-घुशी माजल्या की गट ऑफिसात आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, शहरात ते बुटकं टेरिअर मिळतं म्हणे, ते आणावं का?" वाळूज-गंगापूर भागातील बरेच सभासद आता शेतवस्तीवर राहतात, म्हणून या विषयाची थोडी माहिती देत आहोत.

टेरिअर हे नाव लॅटिन 'टेरा' म्हणजे जमीन या शब्दावरून आले. बिळात शिरून घूस, कोल्हा बाहेर काढण्यासाठी इंग्रजांनी ही कुत्री तयार केली. आपल्या मराठवाड्याचे कुत्रे वेगळे, ते म्हणजे कारवानी. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली या भागांत ही जात पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. व्यापाऱ्यांच्या कारवानाबरोबर ती आली, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. हिचीच बहीण म्हणावी अशी मुधोळ जात कर्नाटकात आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीट काढले, आणि २०१६ साली मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली.

ओळख : लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय, पातळ शेपूट. नराची उंची खांद्याशी साधारण सव्वादोन फूट भरते. केस आखूड असतात. कान, पाय व शेपटीवर झुपके असतील तर त्याला पश्मी म्हणतात. हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर पळते. मोकळ्या माळावर त्याचा हात धरणारे दुसरे नाही, पण दाट उसात त्याला दिसणार काय? तेव्हा घुशी मारण्यासाठी कारवानी पाळू नये. त्याचे खरे काम राखणीचे. ते धन्याला धरून राहते, परक्याला जवळ येऊ देत नाही, आणि रात्रीची लाईट आल्यावर दारं धरायला जाताना चांगली सोबत होते.

पूर्वी या कुत्र्यावर सशाची शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, हरीण यांची शिकार गुन्हा आहे. कुत्रे सोडून केलेली शिकारही त्यातच येते, हे तरुण मंडळींना घरच्यांनी बजावून सांगावे.

निगा : अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ, त्यामुळे थंडी याला सोसत नाही. हिवाळ्यात खाली पाचट व पोते टाकावे. नुसत्या दूध-भाकरीवर हाडे भरत नाहीत. अंडी, मांस किंवा शिजवलेली डाळ द्यावी. कांदा, द्राक्षे, बेदाणे देऊ नयेत, ती कुत्र्याला विषारी आहेत. पळण्याची जात आहे, दिवसभर साखळीला ठेवली तर चिडकी होते. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावे.

उसाच्या रानात दोन धोके : पहिला विषाचा. घुशींसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवतो, त्याचा पोटात विषारी वायू होतो. आमिष बिळाच्या आत ठेवून तोंड बुजवावे, त्या दिवसांत कुत्रे बांधून ठेवावे, मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत. दुसरा धोका बिबट्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात सर्वांत मोठा वाटा गावकुत्र्यांचाच दिसून आला. उघड्यावर बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला आयते आमंत्रण, आणि शेजारीच टोळीच्या कोप्यांत लहान लेकरे झोपलेली असतात. सबब रात्री कुत्रे दार असलेल्या खोलीत किंवा वरूनही जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवावे.

लस : पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले की डिस्टेंपर व पार्व्होची लस सुरू करावी. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. जंताचे औषध व गोचीड निर्मूलन चुकवू नये. हंगामात तोडकऱ्यांची मुले वस्तीवर खेळतात, म्हणून टोळी येण्याआधीच लस टोचून घ्यावी. टोळीबरोबर आलेल्या कुत्र्यांनाही टोचावी, त्यात आपलं-परकं करू नये.

कुत्रे चावलेच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. जखम खोल असल्यास घाटी रुग्णालयात न्यावे. इंजेक्शनांचे सर्व डोस ठरल्या तारखांना पुरे करावेत. पिसाळण्याची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पिल्लू घेताना त्याचे आई-बाप डोळ्यांनी पाहावेत, नुसत्या लांब तोंडावर भुलू नये. आणि सांभाळणे होत नसेल तर घेऊच नये. हंगाम संपल्यावर रस्त्यावर सोडलेले कुत्रे पुढच्या हंगामात सगळ्या गावालाच डोईजड होते.

— ऊस विकास अधिकारी