खबर देणारी तार

विटा हे सांगली जिल्ह्यातले यंत्रमागांचे गाव. हा मुलूख कमी पावसाचा. इथे घागरभर पाण्यालाही मोल आहे. माडीवरची टाकी भरून वाहू लागली, की जीव हळहळतो. पण रात्री मोटार बंद करायला जागत कोण बसणार?

हे काम आता सेन्सर करतो. सेन्सर म्हणजे खबऱ्या. टाकी भरली, की तो तारेवरून खाली खबर धाडतो. स्टार्टरजवळची पेटी ती खबर घेते आणि मोटार बंद करते. खालच्या हौदातले पाणी संपले, तर तिथला खबऱ्या सांगतो. मग मोटार कोरडी फिरून जळत नाही. पण बरं का, खबऱ्या कितीही हुशार असो. तार वाईट, तर खबर वाईट.

मग तार कशी निवडायची?

पहिली गोष्ट धातूची. विट्याकडची गलाई करणारी माणसे देशभर जाऊन सोने-चांदी गाळतात. अस्सल काय आणि मुलामा काय, हे त्यांना बरोबर कळते. तारेचीही तशीच पारख करा. वरून तांबे आणि आत ॲल्युमिनियम, अशी तार बाजारात मिळते. चाकूने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली, तर घेऊ नका. ती लवकर तुटते आणि विजेला जास्त अडवते.

दुसरी गोष्ट जाडीची. बारीक नळातून पाणी कमी येते, तसेच तारेचे. समजा, सेन्सर 12 व्होल्टचा आहे आणि टाकी 30 मीटर दूर आहे. जायची-यायची मिळून तार झाली 60 मीटर. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एका सेन्सरला पुरते, कारण त्याला वीज थोडी लागते. पण तिच्यावर 1 अँपिअर घेणारे यंत्र जोडले, तर 12 मधले 2 व्होल्ट वाटेतच जिरतात. पल्ला लांब किंवा यंत्रे जास्त, तर तार जाड घ्यावी.

तिसरी गोष्ट पिळाची. खबरेच्या दोन तारा सुतासारख्या एकमेकींत पिळलेल्या असाव्यात. शेजारच्या मोटारीच्या तारेमुळे खबरेच्या तारांत खोटी खळबळ उठते. पीळ असला, म्हणजे ती दोन्ही तारांत सारखीच उठते आणि खोटी खबर पेटीला लागत नाही.

चौथी गोष्ट जिवाची. घरातली वीज 230 व्होल्टची असते. ती माणूस मारते. तिची तार आणि खबरेची तार एका पाइपात कधीही घालू नका. एक पाइप वाचेल, चार पैसे वाचतील. पण उंदराने आवरण कुरतडले, तर तीच वीज बारीक तारेतून टाकीपर्यंत जाईल. आणि टाकी धुवायला कोण चढते? आपलेच पोर ना? म्हणून पाइप दोन ठेवा. दोन्हींत वीतभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडा.

जोडणी परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. पण तो काम करील तेव्हा जवळ उभे राहा आणि विचारा, "दादा, पाइप दोन आहेत ना?"