स्काय बेटावरच्या कॉटेजपर्यंत गाडीने जाताना कुठे थांबावं, कुठे थांबू नये?

ग्लासगोहून स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे निघालात की थांबायला जागाच जागा. ए-८२ हा रस्ता लॉख लोमंड सरोवराच्या काठाने वर जातो, रॅनॉक मूरचं ओसाड माळरान लागतं आणि मग ग्लेन्कोची दरी. इथल्या वाहनतळावर बहुतेक सगळे उतरतात. फेब्रुवारी १६९२ मध्ये याच दरीत पाहुणचार घेत असलेल्या सैनिकांनी पहाटे यजमान मॅकडोनाल्ड कुळातल्या सुमारे ३८ जणांना ठार केलं. हे ठाऊक असलं की दरी वेगळी दिसते.

पुढे ए-८७ धरायचा. वाटेतला आयलन डोनन किल्ला फार जुना वाटतो. प्रत्यक्षात १७१९ मध्ये तो उद्ध्वस्त झाला आणि आज दिसतो तो १९३२ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण झालेला. मग बेटावर नेणारा पूल. १९९५ मध्ये तो सुरू झाल्यापासून टोलविरुद्ध बेटावरच्या लोकांनी आंदोलन केलं, खटले अंगावर घेतले. २००४ च्या डिसेंबरात टोल बंद झाला.

इथवर सोपं आहे. कॉटेज एलगोल गावात असेल तर ब्रॉडफर्डला पेट्रोल भरून घ्या. तिथून पुढचे वीसेक किलोमीटर बराचसा रस्ता एकाच गाडीपुरता आहे. थोड्या थोड्या अंतरावर तो बाजूला जरा रुंद केलेला असतो. तीच ‘पासिंग प्लेस’.

समोरून गाडी आली आणि ही जागा तुमच्या डावीकडे असेल, तर आत शिरा. उजवीकडे असेल तर रस्ता ओलांडून तिकडे जायचं नाही. तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरची गाडी त्या जागेतून निघून जाते. चढ चढणाऱ्याला शक्यतो आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या घाटांत गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

मागच्या गाडीलाही वाट द्यायची असते, आणि पर्यटक नेमकं हेच विसरतात. आपण डोंगर बघत रमतगमत जातो. मागे कुणी कामावर निघालेलं असतं, कधी रुग्णवाहिकाही असू शकते. एलगोलला जायला दुसरा रस्ता नाही. टॉरिनजवळ पाण्यापलीकडे ब्लावेनचा डोंगर दिसला की मोह होतोच, पण फोटोसाठी पासिंग प्लेसमध्ये गाडी उभी करून जाऊ नका. पुढे एलगोलला वाहनतळ आहे, आणि धक्क्यावरून अख्खी कुलिन रांग समोर असते.

डिसेंबरात इथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. मेंढ्या मात्र रस्त्यावरच असतात. तेव्हा ग्लासगो सकाळी लवकर सोडा.