सेलेनियमयुक्त यीस्ट : साठवण आणि हाताळणी

जनावरांच्या खुराकांत घालण्यासाठीं जे अनेक पूरक पदार्थ हल्लीं बाजारांत मिळतात, त्यांत सेलेनियमयुक्त यीस्ट हा एक होय. त्याची उपयुक्तता आतां वादांत राहिलेली नाहीं. परंतु तो घरांत आणल्यावर कोठें ठेवावा, कसा मोजावा आणि कोणत्या हातानें मिसळावा, या गोष्टींचा विचार खरेदीपूर्वीं क्वचितच होतो. या पदार्थाच्या बाबतींत तर हाच विचार मुख्य आहे. सबब गोठा अगर कुक्कुटपालन करणाऱ्या वाचकांसाठीं त्यासंबंधीं आवश्यक ती माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विष आणि पोषण :— स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनीं १८१७ सालीं सेलेनियम हें मूलद्रव्य शोधून काढलें. पशुपालकांस त्याची ओळख प्रथम झाली ती विष म्हणून. अमेरिकेंतील साउथ डकोटा, वायोमिंग वगैरे प्रांतांत कांहीं जमिनींवर चरणाऱ्या जनावरांच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडत, खूर फाटून गळून पडत. १९३० नंतरच्या दशकांत या रोगाचें मूळ चाऱ्यांतील सेलेनियमांत असल्याचें सिद्ध झालें. पुढें १९५७ सालीं श्वार्त्झ व फोल्ट्झ यांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तेंच द्रव्य अत्यल्प प्रमाणांत यकृताचें रक्षण करतें. सेलेनियम मुळींच न मिळाल्यास वासरांचे व कोंकरांचे स्नायू पांढरे पडून दुबळे होतात, आणि गाय व्याल्यावर वार अडकण्याचा संभव वाढतो. तात्पर्य, तें पोटांत जावयास हवें. पण गुंजभर हवें तेथें चिमूटभर गेलें कीं नुकसान झालेंच म्हणून समजावें.

यीस्टचें प्रयोजन :— हें यीस्ट बहुधा उसाच्या किंवा बीटाच्या मळीवर वाढवितात. वाढ चालू असतां त्यांत सेलेनियमचा क्षार थोडा थोडा सोडतात. यीस्ट त्या सेलेनियमचा गंधकाच्या जागीं उपयोग करून घेतें आणि तें आपल्या प्रथिनांत गुंफतें. नंतर यीस्ट निर्जीव करून वाळवितात व त्याची भुकटी करतात. या रूपांतील सेलेनियम जनावराच्या अंगीं चांगलें लागतें, आणि दुधांत व अंड्यांत अधिक उतरतें. परंतु हाच गुण दुसऱ्या बाजूनेंही पाहिला पाहिजे. जादा दिलेलें सेलेनियम शरीराच्या प्रथिनांत मुरून राहतें व सावकाश बाहेर पडतें. म्हणजे मोजण्यांतील चूक एकट्या जनावराला बाधते असें नाहीं. ती दूध पिणाऱ्या लेंकरापर्यंत पोंचते.

गरज आहे काय ? :— प्रत्येक गोठ्यास हा पदार्थ लागतोच असें नाहीं. फिनलंडच्या जमिनींत सेलेनियम इतकें कमी कीं, तें खतांतूनच द्यावें असें तेथें १९८४ मध्यें ठरलें. उलटपक्षीं पंजाबांतील नवांशहर व होशियारपूर या भागांतील कांहीं जमिनींत तें इतकें जास्त आहे कीं, तेथील चाऱ्यानें जनावरांस बाधा झालेली आहे. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत डिसेंबर २०२४ पासून अनेक माणसांचे केस अकस्मात् गळूं लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तपास करून, शिधावाटपाच्या गव्हांतून गेलेलें जादा सेलेनियम हें त्याचें कारण असल्याचा निष्कर्ष २०२५ सालीं जाहीर केला. सबब आपल्या दावणींत काय पडत आहे तें आधीं पाहावें. गव्हाचा कोंडा परप्रांतांतून येत असेल, अथवा चालू खनिज मिश्रणाच्या पिशवीवर सेलेनियमचें नांव आधींच असेल, तर पशुवैद्यास विचारल्यावांचून वरून यीस्ट घालूं नये.

माप :— पिशवीवरील आंकडा प्रथम वाचावा. यीस्टच्या एका किलोंत सेलेनियम किती मिलिग्रॅम आहे तें तेथें लिहिलेलें असतें. बाजारांत १,०००, २,००० व ३,००० मिलिग्रॅमचे प्रकार मिळतात, आणि तिन्ही भुकट्या दिसावयास सारख्याच असतात. युरोपीय संघांत खाद्याच्या दर किलोस यीस्टमधून जास्तींत जास्त ०.२ मिलिग्रॅम सेलेनियम घालण्याची मुभा आहे. या हिशेबानें १०० किलो खाद्यास २० मिलिग्रॅम सेलेनियम होतें. म्हणजे २,००० च्या प्रकारचें यीस्ट अवघें १० ग्रॅम. १,००० चें असल्यास २० ग्रॅम, आणि ३,००० चें असल्यास ७ ग्रॅमहूनही कमी. पहिल्या प्रकाराचा चमचा तिसऱ्या प्रकाराला वापरला तर एका क्षणांत तिप्पट मात्रा होते. सोडियम सेलेनाइट हा शुद्ध क्षार तर याहून कितीतरी उग्र आहे. त्याच्या शंभर भागांत सुमारें ४५ भाग सेलेनियम असतें. म्हणून यीस्टच्या जागीं तो तितक्याच वजनानें घालणें म्हणजे जनावरें मारणेंच होय.

आंकड्यांतील चूक काय करते, याचें उदाहरण फार जुनें नाहीं. एप्रिल २००९ मध्यें अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतांत वेलिंग्टन येथें व्हेनेझुएलाच्या एका पोलो संघाचे २१ घोडे थोड्याच अवधींत मेले. त्यांना टोंचलेल्या पौष्टिक औषधांत सेलेनियम ठरल्याच्या दहापट पडलें होतें. दशांशचिन्ह एक घर सरकलें, आणि उत्तम जातीचीं जनावरें गेलीं.

मिसळण्याची रीत :— किराण्याच्या तराजूवर १० ग्रॅम वजन नीट होत नाहीं. त्यास सोनाराकडे असतो तसा बारीक काटा पाहिजे. मोजलेली भुकटी एकदम शंभर किलोंच्या ढिगावर टाकून फावड्यानें वरखालीं केल्यास ती सारखी पसरत नाहीं. एका गाईच्या वांट्यास कांहींच येत नाहीं आणि दुसरीच्या वांट्यास चौघींचें येतें. म्हणून १० ग्रॅम यीस्टमध्यें १० ग्रॅम बारीक कोंडा मिसळावा; त्या २० ग्रॅममध्यें आणखी २० ग्रॅम; असें दरवेळीं दुप्पट करीत सहा वेळां केलें म्हणजे ६४० ग्रॅम होतात. त्यांत कोंडा घालून एक किलो पुरा करावा. त्या एक किलोंत ९ किलो खाद्य, आणि त्या दहा किलोंत उरलेलें ९० किलो खाद्य मिसळावें. या कामास घटकाभर वेळ जास्त लागतो, पण तो वांचविण्यासारखा नव्हे.

हाताळणी :— ही भुकटी अतिशय हलकी असून ती ओततांना तिची धूळ उडते. त्या धुळीनें श्वासनलिकेस अपाय होतो. कित्येकांस ती सोसत नाहीं व दमा लागतो. युरोपीय संघाच्या नियमांत हातमोजे, चष्मा व नाकातोंडावर मुखपट्टी या तिन्ही वस्तु सांगितल्या आहेत. साधें उपरणें गुंडाळून हें काम करूं नये. धूळ अडविणारी मुखपट्टी घ्यावी. मिसळण्याचें काम वारा नसेल अशा, पण मोकळ्या जागीं करावें. पोतें उंचावरून ओतूं नये. त्या वेळीं जवळ चूल, दिवा किंवा पेटती बिडी असूं नये, कारण कोरड्या धुळीचा लोट जाळ लागतांच भडका घेतो. सांडलेली भुकटी केरसुणीनें झाडूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. काम संपल्यावर हात व तोंड साबणानें धुवावें, आणि त्यापूर्वीं खाणेंपिणें वर्ज्य करावें.

साठवण :— वाळलेलें यीस्ट ओल ओढून घेतें. कोंकणांतल्या पावसाळ्यांत उघडें राहिलेलें पोतें थोड्याच दिवसांत गठळतें आणि त्यावर बुरशी येते. बुरशीचा अपाय सर्वांस ठाऊक आहे. गठळीचा धोका मात्र ध्यानांत येत नाहीं. २,००० च्या यीस्टची १० ग्रॅमची एक गठळी म्हणजे २० मिलिग्रॅम सेलेनियम. दिवसास दहा किलो सुकें खाणाऱ्या दहा गाईंचा तो दिवसाचा वांटा आहे. ती गठळी एखाद्या करडाच्या तोंडीं गेली तर पुढें काय होईल हें निराळें सांगावयास नको. म्हणून गठळलेला माल चाळून वापरण्याचा मोह टाळावा.

पोतें मूळच्याच वेष्टनांत, तोंड घट्ट बांधून, जमिनीपासून उंच फळीवर व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें. विदर्भ-खानदेशांतील उन्हाळ्यांत पत्र्याखालची जागा टाळावी. खत, कीटकनाशकें आणि घरचें धान्य यांपासून तें अलग, कुलुपांत असावें. उंदीर पोतें कुरतडतात, म्हणून तें झांकणाच्या डब्यांत ठेवणें बरें; पण डब्यावर पदार्थाचें नांव, सेलेनियमचा आंकडा आणि मुदत मोठ्या अक्षरांत लिहावी. मोजण्याचें भांडें तेथेंच ठेवावें. तें स्वयंपाकघरांत जाऊं नये. आधीं आलेलें आधीं संपवावें. आणखी एक गोष्ट : मुदत टळल्यानें यीस्ट खराब होईल, पण सेलेनियम हें मूलद्रव्य आहे, तें कोठेंही जात नाहीं. “माल जुना झाला, जरा जास्त घालूं” हा हिशेब सर्वस्वीं चुकीचा होय.

रिकामीं पोतीं :— त्यांत धान्य भरूं नये, तीं विहिरीवर अगर ओढ्यांत धुवूं नयेत, आणि जाळूं नयेत. सेलेनियमचा धूर विषारी असतो. कॅलिफोर्नियांत केस्टरसन येथील तळ्यांत शेतांचें पाणी साचून सेलेनियम वाढलें, आणि १९८३ सालीं तेथें पांखरांचीं पिलें व्यंग घेऊन जन्मलेलीं आढळलीं. पोतीं व बिघडलेला माल विक्रेत्याकडेच परत द्यावा.

बाधेचीं चिन्हें :— जनावराच्या श्वासास लसणीसारखा वास येणें, श्वास कोंडणें, चाल अडखळणें. आणि बाधा सावकाश होत असल्यास शेपटीचा गोंडा झडणें, खुरांस आडव्या भेगा पडून लंगडणें, कोंबड्यांचीं अंडीं न उबणें, हीं तीं चिन्हें होत. यावर खास असा उतारा नाहीं. खाद्य तत्काळ बंद करावें, त्याचा नमुना व पिशवीवरील चिठ्ठी राखून ठेवावी आणि पशुवैद्यास बोलवावें.

आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्यांचीं दोनचार जनावरें आहेत त्यांनीं सुटें यीस्ट विकत घेऊंच नये. एका गाईस दिवसाला एक ग्रॅम यीस्ट मोजण्याची सोय बहुतेक घरीं नसते. त्यांनीं योग्य प्रमाणांत सेलेनियम आधींच मिसळलेलें खनिज मिश्रण घ्यावें. मोठ्या गोठ्यांनीं, अगर पांचदहा जणांनीं एकत्र येऊन, एक काटा, एक कुलूपबंद पेटी व एक जबाबदार माणूस नेमून हें काम करावें, आणि प्रत्येक वेळीं तारीख, पिशवीचा आंकडा व घातलेलें वजन वहींत टिपून ठेवावें. उद्यां एखादी गाय लंगडूं लागली, तर पशुवैद्य पहिल्यानें तीच वही मागेल.