जीभ बोलते, पण सगळे सांगत नाही



एरवी या पानावर लागण, खत, पाणी यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. मागच्या गाळप हंगामात वजनकाट्यापाशी आपल्यातल्याच एका सभासदाचे तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले. "अंगावरून वारं गेलं" म्हणत लोकांनी त्यांना वारे उतरवणाऱ्याकडे नेले. मोठा दवाखाना गाठेस्तोवर संध्याकाळ झाली. आज त्यांचा उजवा हात चालत नाही. मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. ती चुटपुट अजून जात नाही.

पुढे या आजाराविषयी वाचताना एक नवल कळले. चिनी वैद्यकातही पक्षाघाताला 'चुंग-फंग' म्हणजे वाऱ्याचा तडाखाच म्हणतात! तिथले वैद्य रोग्याची जीभ फार बारकाईने पाहतात. इ.स. १३४१ मध्ये तू छिंगपी या वैद्याने जुन्या १२ चित्रांत २४ ची भर घालून ३६ जिभांचा चित्रग्रंथ सिद्ध केला. जिभेचा रंग, आकार, ओलावा आणि वरचा थर ते तपासतात. पक्षाघाताच्या रोग्याची जीभ जांभळट झाली, तर रक्त साकळले असे मानतात. थर जाड, पिवळा, कोरडा होत गेला तर दुखणे वाढते आहे, पातळ होत गेला तर उतार पडतो आहे, असा त्यांचा आडाखा. आपल्या आयुर्वेदाच्या अष्टविध परीक्षेतही जिव्हा आहेच.

यात तथ्य किती? डॉक्टर पक्षाघाताची तीव्रता ० ते ४२ गुणांत मोजतात. गुण जास्त तितका झटका मोठा. चीन व तैवानमधील संशोधक जिभेची छायाचित्रे अशा गुणांशी ताडून पाहत आहेत. साधी गोष्ट बघा. झटका मोठा असला की गिळणे बंद, तोंड उघडे, जीभ हलत नाही. मग थर साचणारच. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, आणि बाहेर काढलेली जीभही बहुधा उजवीकडेच झुकते.

पण आपण केवड्याचे काय करतो? पान पिवळे पडलेले बांधावरून दिसते. कारण मात्र लोहाची कमतरता, चुनखड की साचलेले पाणी, हे मातीत हात घातल्याशिवाय कळत नाही. तसेच इथे. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने तुंबली की फुटली, हे कोणतीही जीभ सांगत नाही. ते सिटी स्कॅनच सांगतो. तुंबली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. फुटली असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते.

तेव्हा लक्षात ठेवा. तोंड वाकडे, हात उचलत नाही, बोलणे बोबडे, यांतले एक जरी अचानक दिसले तरी घड्याळ पाहून वेळ ध्यानात ठेवा. पाणी, चहा, गोळी काही तोंडात घालू नका. १०८ ला फोन करा आणि सिटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. घटकाभराने हातपाय सुधारले तरी जायचेच.

तोडलेला ऊस काट्यावर उशिरा आला तर वजन नि उतारा दोन्ही घटतात, हे आपल्याला सांगावे लागत नाही. मेंदूचे तर मिनिटामिनिटाला नुकसान होते. पुढल्या खेपेला आपल्यापैकी कुणीही गप्प उभे राहू नये, इतकीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी