दार उघडायचं, पण कुणाला?

मुलांनो, तुमच्या घरी दूधवाला येतो, तो कुठपर्यंत येतो? दारापर्यंत. पोस्टमनकाका ओसरीपर्यंत. पाहुणे बैठकीत बसतात. आणि आईचा डबा ठेवलेला असतो त्या माजघरात? तिथे फक्त घरची माणसं! हे नियम कुणी भिंतीवर लिहिलेले नाहीत, तरी आपण ते पाळतो. मोबाइलचंही असंच असतं बरं का!

आमच्या टेंभुर्णीतली (ता. जाफराबाद, जि. जालना) एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गातला चौथीचा एक मुलगा, मोठा चौकस. त्याचे बाबा कामासाठी पुण्याला असतात. रोज रात्री आईच्या मोबाइलवरून त्यांना व्हिडिओ कॉल व्हायचा. एकदा कुणीतरी त्याला सांगितलं, "मोबाइलनं काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं, नाहीतर पैसे जातात." झालं! स्वारीनं 'नाही, नाही'चा सपाटाच लावला. दोन दिवसांत कॉलवर बाबांना ह्याचा चेहरा दिसेना, आवाज ऐकू जाईना. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड बघायला दीक्षा अ‍ॅप उघडलं, तर कॅमेराच चालेना!

आई मोबाइल घेऊन एका दुकानात गेली. तिथे सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, सगळं जाईल." माउली घाबरली. कारण त्यात आजीचे फोटो होते. आजी गेल्या वर्षी वारली, आणि ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. मधल्या सुट्टीत मायलेकरं माझ्यापुढे उभी. "मॅडम, आजी पुसली जाईल का हो?"

नाही रे बाबा! पण आधी झालं काय, ते समजून घेऊ.

पूर्वी अँड्रॉइडच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. २०१५ साली सहावी आवृत्ती आली आणि पद्धत बदलली. कॅमेरा, माइक, संपर्कांची यादी, आपलं ठिकाण यांची परवानगी गरज पडेल तेव्हा वेगवेगळी विचारली जाऊ लागली. २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून आणखी एक नियम आला. एखाद्या अ‍ॅपला एकाच गोष्टीसाठी दोनदा 'नाही' म्हटलं, की ती विचारणारी चौकट पुन्हा येतच नाही. आमच्या पठ्ठ्यानं नेमकं हेच केलं होतं!

मग उपाय काय? एकच अ‍ॅप अडलं असेल, तर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स' उघडा, ते अ‍ॅप निवडा, 'परवानग्या'मध्ये जा आणि हवी ती द्या. पण इथे तर सगळाच गोंधळ होता. म्हणून आम्ही अ‍ॅप्सची पूर्ण यादी उघडली, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले आणि 'अ‍ॅप प्राधान्ये रीसेट करा' निवडलं. (काही मोबाइलमध्ये हे शब्द किंवा जागा थोडी वेगळी असते.) यानं परवानग्या मूळ पदावर येतात. फोटो, मेसेज, अ‍ॅपमधली माहिती जशीच्या तशी राहते. 'फॅक्टरी रीसेट' मात्र वेगळं, बरं का! ते मोबाइलमधलं सगळं पुसून टाकतं. दोन्हींत 'रीसेट' आहे म्हणून फसू नका.

आता एक गोम ऐका. मूळ पदावर आलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. तुम्ही मुद्दाम बंद केलेली अ‍ॅप्स यानं पुन्हा चालू होतात. थांबवलेल्या सूचना पुन्हा येतात. म्हणजे आपण लावलेल्या कड्याही निघतात! म्हणून काय काय बंद केलं होतं, ते आधी कागदावर लिहून ठेवायचं.

आमचं खरं काम तर रीसेटनंतरच सुरू झालं. अ‍ॅप्स पुन्हा विचारू लागली. या वेळी आम्ही तिघं प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचू लागलो. व्हिडिओ कॉलला कॅमेरा आणि माइक? हवाच. 'अ‍ॅप वापरताना' एवढीच परवानगी दिली. उजेड पाडणाऱ्या बॅटरीच्या अ‍ॅपनं संपर्कांची यादी मागितली. मुलगा म्हणाला, "मॅडम, बॅटरीला मामाचा नंबर कशाला हवा?" बघा, चौथीतल्या पोराला कळलं! मागणाऱ्याचं काम काय आणि तो मागतोय काय, याचा मेळ बसतो का, एवढंच पाहायचं. तिथे आम्ही बिनधास्त 'नाही' म्हटलं.

त्या रात्री बाबांना लेकराचा चेहरा दिसला. आजीचे फोटोही होते तसेच होते. तरी त्यांतले दोन छापून आणा, असं मी आईला सांगितलं.

पालकहो, तुम्हालाही एक सांगायचंय. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आहे. पण संमती द्यायची तर प्रश्न वाचायला नको का? आणि पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

मुलांनो, या रविवारी आईबाबांना शेजारी बसवा आणि मोबाइलमधल्या परवानग्यांची यादी एकत्र वाचा. कोण दारात आहे, कोण ओसरीवर आणि कोण न विचारता माजघरात शिरलंय, ते शोधा. शोधणार ना?