रोग दिसण्यापूर्वीचे दिवस

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याने निघाले की आंजी (मोठी) लागते. या भागात पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन, कपाशी आणि त्यांच्या ओळींमधून तूर. २०२३ च्या सप्टेंबरात वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत ऐन शेंगा भरण्याच्या सुमारास सोयाबीन पिवळे पडले. काही ठिकाणी मूळकूज व खोडकूज होती, पण पुष्कळ शेतांत होता तो पिवळा मोझॅक, म्हणजे विषाणूचा रोग. ‘आठ दिवसांत शेत गेले’ असे जो तो म्हणू लागला. वस्तुतः शेत त्याच्या कितीतरी आधीपासून जात होते. डोळ्यांना ते आठ दिवसांत दिसले, इतकेच.

रोगाचे बीज शिरल्यापासून लक्षणे उमटेपर्यंतच्या अवधीला परिपाक काल म्हणतात. शिरल्यापासून तो रोगी दुसऱ्याला रोग देण्याजोगा होईपर्यंतचा अवधी तो सुप्त काल. सामान्य बोलण्यात आपण या दोहोंची गल्लत करतो, आणि सारा घोटाळा तेथेच होतो. दोन्ही एकदमच सुरू होतात, पण एकदमच संपतील असे नाही.

सोयाबीनचेच पाहू. हा विषाणू वाऱ्याने येत नाही, पांढरी माशी त्याला आणते. रोगट पानाचा रस शोषला की विषाणू माशीच्या आतड्यातून तिच्या शरीरद्रवात आणि तेथून लाळेच्या ग्रंथींत पोचतो. या प्रवासाला काही तास लागतात. तेवढा माशीच्या अंगातला सुप्त काल. पुढे ती ज्या निरोगी झाडावर बसेल त्याला प्रसाद मिळतो. मात्र त्या झाडावर पिवळे ठिपके दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. टोमॅटोवरील बोकड्याचा विषाणू याच कुळातला. त्याच्या प्रयोगांत लक्षणे दिसण्यापूर्वीच झाडात विषाणू भरपूर वाढलेला आढळला आहे. म्हणजे झाड हिरवे दिसत असतानाच माशीला तेथून शिदोरी मिळू शकते. पिवळी झाडे पाहून फवारणीला धावणारा शेतकरी मागच्या पंधरवड्याचा रोग पाहत असतो.

दक्षिण आफ्रिकेतील व्हॅन डर प्लँक या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वनस्पतींच्या साथींवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने साथीच्या वाढीला व्याजाचा हिशेब लावला. पिकातून पिकात पसरणारा रोग चक्रवाढीने वाढतो, आणि मुद्दलात व्याज किती दिवसांनी मिळवायचे हे सुप्त काल ठरवतो. समजुतीपुरता आकडा घेऊ. एका रोगी झाडापासून दर पाळीला तीन नवी झाडे रोगी होतात. पाळी दहा दिवसांची असेल, तर चाळीस दिवसांत चौथ्या पाळीला ८१ नवी झाडे लागतील. तीच पाळी आठ दिवसांची झाली, तर पाच पाळ्या होऊन २४३. दोन दिवसांच्या फरकाने तिप्पट! सावकाराशी व्यवहार केलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

माणसांतही हेच गणित चालते. देवीच्या रोगात लागण झाल्यावर सुमारे बारा दिवस माणूस बरा दिसे, आणि त्या दिवसांत तो दुसऱ्याला रोग देत नसे. ताप आला, फोड आले, की मग तो धोक्याचा. त्यामुळे रोगी हुडकून त्याच्या भोवतीच्या लोकांना लस टोचता आली आणि १९७५ नंतर देवी या देशातून गेली. २०२० मध्ये आलेला करोना याच्या उलट वागला. ताप-खोकला सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीच रोगी इतरांना रोग देऊ लागे. दारात कपाळावर यंत्र धरून ताप मोजण्याचा सोपस्कार आपण सर्वांनी पाहिला. तो तोकडा का पडला, हे आता ध्यानी येईल.

संत्र्याच्या बाबतीत तर दिवसांचा नव्हे, महिन्यांचा व वर्षांचा प्रश्न असतो. आर्वी, आष्टी, कारंजा या आपल्या जिल्ह्यातील बागांत कलमे लावतात. ग्रीनिंग नावाचा रोग विषाणूचा नसून जिवाणूचा आहे, पण लपण्यात तो कोणाला हार जाणारा नाही. ज्या झाडाचे डोळे काढले ते वरून निरोगी दिसत असले तरी रोगी असू शकते, आणि मग त्याच्या शेकडो कलमांतून रोग गावोगाव जातो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या अगदी टोकाच्या कणाएवढ्या भागाचे कलम करून रोगमुक्त रोपे तयार करतात आणि मातृवृक्षांची प्रयोगशाळेत तपासणी करतात. डोळ्यांवर भिस्त ठेवून येथे भागत नाही.

तुरीचा वांझ रोग तर याहून लबाड. विषाणू सूक्ष्म कोळी आणतो. तो इतका बारीक की वारा त्याला उडवून नेतो. रोगी झाड मरत नाही, उलट झुडपासारखे दाट आणि फिकट हिरवे होते. नवख्याला वाटावे, तूर काय माजली आहे! फुलोऱ्याच्या वेळी शेजारच्या ओळी पिवळ्या होतात आणि हे झाड तसेच उभे राहते, तेव्हा कळते. बिहारात पुसा येथे १९३१ साली नोंदलेल्या या रोगाचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागायलाही जवळजवळ सत्तर वर्षे गेली. तोवर बांधावर राहिलेल्या जुन्या तुरीत तो दरसाल उन्हाळा काढीत होता, आणि अजूनही काढतो.