बायोडाटा आधी मशीन वाचतं, मग माणूस

एसटीच्या आवाजात ज्यांना आजचा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. विषय तुम्हीच सुचवला होता. हदगाव, तामसा, मनाठा या बाजूच्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न: "दादा, ऑनलाइन पन्नास ठिकाणी अर्ज टाकले, एकाचाही फोन नाही. आमच्यात काय कमी आहे?"

कमी तुमच्यात असेलच असं नाही. बऱ्याचदा तुमचा बायोडाटा कुणी उघडलेलाच नसतो.

मधे बसलेलं मशीन

मोठ्या कंपनीत एका जागेला शेकडो, कधी हजारो अर्ज येतात. ते सगळे एका सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात. त्याला म्हणतात अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम, थोडक्यात एटीएस. वर्कडे, झोहो रिक्रूट ही त्यातली काही नावं. नोकरी डॉट कॉमवरही एचआरवाले असेच शब्द टाकून बायोडाटे शोधतात.

आपल्या भाषेत सांगतो. हमीभाव केंद्रावर सोयाबीन नेलं की आधी ओलावा मोजतात. नेहमीचा नियम १२ टक्क्यांचा. तुम्ही किती फवारण्या केल्या, काढणीच्या वेळी पावसानं कसं गाठलं, हे त्या मीटरला कळत नाही. त्याला फक्त ओलावा कळतो. एटीएसचंही तसंच. त्याला तुमची मेहनत दिसत नाही, फक्त अक्षरं दिसतात.

ते साधारण तीन कामं करतं. पहिलं, फाईलमधला मजकूर काढून खाने भरतं: नाव, मोबाईल, शिक्षण, अनुभव, कौशल्यं. दुसरं, अर्ज भरताना विचारलेल्या प्रश्नांवरून चाळणी लावतं: पदवी आहे का, कोणत्या साली पास झालात, दहावी-बारावी-पदवीला ६० टक्के आहेत का, पुण्यात यायला तयार आहात का. तिसरं, एचआरनं शोधात टाकलेले शब्द कुणाच्या बायोडाट्यात आहेत ते बघून यादी वर-खाली लावतं.

इंटरनेटवर एक आकडा फिरतो: "७५ टक्के बायोडाटे मशीनच फेकून देतं." त्याच्यामागं कुठलाही ठोस अभ्यास नाही, घाबरू नका. प्रश्नांच्या चाळणीत उत्तर बसलं नाही तर अर्ज थेट बाद होऊ शकतो, हे खरं. पण पुष्कळदा मशीन कुणाला फेकत नाही, खाली गाडतं. माणूस वरचे वीस-पंचवीस बघतो आणि थांबतो.

दुकानातला बायोडाटा

तहसील म्हणा, बसस्टँड म्हणा, जवळ झेरॉक्स-डीटीपीचं दुकान असतंच. तिथं एक तयार फॉरमॅट असतो. आधीच्या पोराचं नाव खोडायचं, तुमचं टाकायचं. वर फोटो, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, छंद क्रिकेट. खरं सांगू? हा नोकरीचा कमी आणि स्थळाचा बायोडाटा जास्त वाटतो. कंपनीला तुमची जात नको, लग्न झालंय का तेही नको. ती जागा कामाच्या माहितीला द्या.

दुकानवाल्याचा दोष नाही. तो कागदावर छान दिसेल असं बनवतो, आणि मुलाखतीला हातात न्यायला ते चालतंही. पण मशीनला दिसणं कळत नाही. अडचणी बघा:

• फोटो काढून केलेली पीडीएफ. प्रिंट घेतली, मोबाईलच्या स्कॅनरनं फोटो काढला, पीडीएफ केली. माणसाला ती वाचता येते, पण आत अक्षरं नसतात, फक्त चित्र असतं. कित्येक सिस्टीमसाठी तो कोरा कागद.

• चौकटी आणि दोन रकाने. डावीकडं निळी पट्टी, उजवीकडं अनुभव, कौशल्याला पाच चांदण्या. मशीन ओळ सरळ वाचत गेलं की डावीकडचा मोबाईल नंबर उजवीकडच्या कॉलेजला चिकटतो. चांदण्यांचा तर काहीच अर्थ लागत नाही.

• जुने मराठी फॉन्ट. कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे जुने फॉन्ट अजूनही दुकानांत चालतात. कृतिदेवमध्ये 'नांदेड' लिहिलं की पडद्यावर नांदेड दिसतं, पण फाईलच्या आत यू, के, ए, एन, एस, एम अशी इंग्रजी अक्षरं असतात. मशीन तेच वाचतं. मराठीत काही लिहायचंच असेल तर युनिकोडमध्ये लिहा. तुमच्या मोबाईलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच आहे.

एका मिनिटाची तपासणी

आत्ताच करून बघा. तुमची पीडीएफ मोबाईलवर उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला जात नसेल, तर तो बहुतेक फोटोच आहे. निवडला गेला तर सगळा मजकूर कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. नाव वर आलं? नंबर बरोबर? कॉलेजसमोर कॉलेजचंच साल आहे? मशीनला साधारण असंच दिसतं. तुम्हाला गोंधळ वाटला तर त्यालाही वाटणार.

उपाय फुकटातला आहे. गुगल डॉक्समध्ये इंग्रजीत साधं लिहा. एकच रकाना, साधा फॉन्ट, ठळक मथळे: समरी, स्किल्स, एक्सपिरियन्स, एज्युकेशन. नाव आणि नंबर वरच्या हेडरमध्ये न टाकता मजकुरातच लिहा, कारण काही सिस्टीम हेडर वाचतच नाहीत. मग तिथूनच पीडीएफ करा. जाहिरातीत वर्डची फाईल मागितली असेल तर तीच पाठवा.

जाहिरातीचेच शब्द

आता मुख्य गोष्ट. समजा नांदेडच्या किंवा पुण्याच्या कंपनीला अकाउंट्ससाठी माणूस पाहिजे. जाहिरातीत लिहिलंय: टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, एक्सेल. आणि आपला बी.कॉम. झालेला पोरगा लिहितो, "कॉम्प्युटरचं ज्ञान आहे." त्याला टॅली येतं, दोन वर्षं एका कृषी सेवा केंद्रावर त्यानं बिलं केलीत, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी भरायला सीएच्या ऑफिसात कागद नेऊन दिलेत. यातलं एकही कागदावर नाही. एचआर 'टॅली प्राइम' शोधणार आणि हा सापडणारच नाही.

म्हणून जाहिरात समोर ठेवा. त्यातलं जे जे तुम्हाला खरोखर येतं, ते जाहिरातीच्याच शब्दांत लिहा. "बिलिंग बघितलं" यापेक्षा "टॅली प्राइममध्ये रोजची विक्री-खरेदी नोंद, स्टॉक रजिस्टर, जीएसटी रिटर्नसाठी बिलांची जुळवणी" हे मशीनलाही कळतं आणि माणसालाही. दर जाहिरातीला थोडा बदल करा, वीस मिनिटं लागतात. पन्नास ठिकाणी एकच फाईल फेकण्यापेक्षा दहा ठिकाणी नीट पाठवा.

आपल्याकडच्या काही गोष्टी बाहेरच्यांना कळत नाहीत, त्या उलगडून लिहा. एमएस-सीआयटी बंगळुरूच्या एचआरला कदाचित माहीत नसेल, म्हणून पुढं "वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट" लिहा. जीसीसी-टीबीसी झालं असेल तर टायपिंगचा वेग लिहा. विद्यापीठाचं नुसतं लघुरूप नको. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड हे पूर्ण नाव लिहा, कंसात लघुरूप द्या. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं. बायोडाट्यात स्वतःचं नाव आधी, आडनाव शेवटी, आणि सगळीकडं तेच. पत्त्यात पोस्ट, तालुका सगळं नको. "हदगाव, जि. नांदेड, पुण्यात राहायला तयार" एवढं पुरे. आणि ईमेल आयडी 'किंग' नको, 'राजे' नको, साधा नावाचा काढा.

भरतीत गेलेली वर्षं

हा भाग खास आपल्यासाठी. आपल्या तालुक्यातली किती पोरं-पोरी पोलीस भरती, एमपीएससी, तलाठी करत दोन-तीन वर्षं घालवतात! पहाटे ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका. नंतर कंपनीत अर्ज करताना ती वर्षं लाज वाटल्यासारखी लपवतात. बायोडाट्यात नुसतं भोक दिसतं.

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचरनं २०२१ साली एक अहवाल काढला. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांना विचारून तो केला होता. त्यात दिसलं की जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असलेल्यांना चाळणीतच बाजूला काढतात. आणि ८८ टक्के कंपन्यांनी कबूल केलं की, निकषांत तंतोतंत बसत नाहीत म्हणून लायक उमेदवारही चाळणीत गळतात. म्हणजे चाळणी लावणाऱ्यांनाच माहीत आहे की ती चुकते.

तिकडची ही गत, तर इथं आपण भोक कशाला ठेवायचं? सरळ लिहा: "जून २०२२ ते मार्च २०२४, स्पर्धा परीक्षेची पूर्णवेळ तयारी." त्याच काळात शिकवण्या घेतल्या असतील, काकांच्या दुकानाचा हिशोब ठेवला असेल, मोटारी भरून दिल्या असतील, तर तेही महिना आणि सालासकट लिहा. पगारपत्रक नाही म्हणून ते काम काम नव्हतं असं नाही. फक्त खरं असावं, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येणार.

मशीनला फसवायचं का?

काही रील्समध्ये सांगतात की, पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीचे सगळे शब्द लपवून टाका. नका करू. मशीन रंग काढून टाकतं आणि एचआरच्या पडद्यावर ते लपवलेले शब्द साध्या अक्षरांत उघडे पडू शकतात. मग तुमचं खरं कामही खोटं वाटायला लागतं. पैसे घेऊन "शंभर टक्के पास होणारा बायोडाटा" देतो म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. प्रत्येक कंपनीची चाळणी वेगळी, शंभर टक्क्यांची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आणि हेही लक्षात ठेवा, चाळणीतून गेलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. पुढं माणूस आहे, त्याच्याशी बोलायचंय. आज आपण जे केलं ते एवढ्यासाठीच की, निदान त्या माणसापर्यंत तुमचं नाव पोचावं. नाही म्हणायचं असेल तर त्यानं वाचून म्हणावं.

तर आज झोपायच्या आधी ती बोट दाबून धरायची तपासणी कराच. आणि मोबाईल चालू ठेवा, अनोळखी नंबर आला तरी उचला. भेटू पुढच्या भागात.